माश्यांचा पंक्तिप्रपंच

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि माश्या पाळते, असं सांगितलं की लोक पहिल्या निम्म्या वाक्याला मान डोलावतात आणि उरलेल्या निम्म्याला खुर्ची मागे सरकवतात. म्हणून सुरुवातीलाच खुलासा करते. या उकिरड्यावरच्या माश्या नव्हेत. केळं जास्त पिकलं की त्याच्याभोवती तिळाएवढी, लाल डोळ्यांची चिलटं जमतात, त्या या फळमाश्या. चिपळूणच्या आमच्या कॉलेजात एका खोलीत त्या काचेच्या नळ्यांमध्ये राहतात आणि त्यांच्यासाठी मी दर आठवड्याला रव्याचा शिरा करते. निम्म्या नळ्यांना भरपूर गूळ घातलेला, निम्म्यांना बिनगुळाचा. आई म्हणते, एवढी उठाठेव माणसांच्या स्वयंपाकात केली असतीस तर घरात कौतुक झालं असतं.

उठाठेव एका साध्या प्रश्नासाठी होती. जन्मभर गोड खाणारी माशी लवकर म्हातारी होते का? शरीरातली प्रथिनं नीट घडी घातलेली असतात तोवर कामाची असतात. वय झालं की या घड्या विस्कटतात, एकमेकींत अडकतात आणि त्यांचे गोळे होतात. माझ्या सरांनी मला माश्यांची जी जात दिली होती, तिच्यात हे गोळे मेंदूत होतात आणि उतारवयात माश्यांचे पाय लटपटतात. जास्तीची साखर प्रथिनांना चिकटून हे सगळं लवकर घडवते की काय, ते मला बघायचं होतं. परदेशात काही लोक असलेच प्रश्न मातीतल्या सुताएवढ्या जंतांना विचारतात. मला माश्या परवडतात. त्यांची परीक्षा घेणंही सोपं. नळी टेबलावर हलकेच आपटायची. माश्या तळाशी पडतात आणि पडल्या की वर चढायला लागतात, तो त्यांचा स्वभावच आहे. तरतरीत असेल ती टोकापर्यंत जाते, थकलेली अर्ध्यावरून घसरते.

आता प्रवासाचं कारण. ते म्हणजे माझे मामा. मामा म्हसवडला असतात, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मधुमेह आहे. दसऱ्यापासून पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती आणि डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, ते मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन बासुंदी खाल्ली. भाऊबीजेला आमच्याकडे आले तेव्हा माझ्या नळ्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "डाक्टर समद्यांस्नी एकच सांगतोय. तुझ्या माश्या काय म्हणत्यात ते बघू. बिनगुळाच्या जास्त जगल्या तर मी गोड सोडलं. सिद्धनाथाची आण. पर मला माझ्या डोळ्यांनी बघाय पायजे."

संक्रांत झाली आणि आई माझ्यामागे लागली. तिला एकच भाऊ. "तो डॉक्टरचं ऐकत नाही, मामीचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. माश्यांचं ऐकतो म्हणतो ना, मग माश्या घेऊन जा. आणि येताना त्याला मिरजेला डोळे दाखवून ये." मलाही भिलवडीकडच्या गुऱ्हाळांवरच्या माश्या पकडून आणायच्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या गुळाच्या वासात वाढलेल्या माश्यांना साखर सोसते का, हे कुतूहल होतंच. कॉलेजातून आठवडाभर रजा घेतली.

कुंभार्ली घाट

नळ्यांसाठी सुताराकडून लाकडी फळी करून घेतली होती. तिच्यात भोकं, भोकात नळ्या आणि प्रत्येक नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा. एका रांगेत गोडाच्या, दुसऱ्या रांगेत बिनगुळाच्या. ही फळी मांडीवर घेऊन मी कराडच्या एसटीत बसले. माश्या तोवर चांगल्याच वयस्क झाल्या होत्या. गोडाच्या नळ्यांत गळती सुरू झाली होती, बिनगुळाच्या अजून बऱ्या होत्या. बिनगुळाच्या माश्यांना शेवटची माशी मरेपर्यंत गुळाचा कण मिळता कामा नये, एवढीच माझी काळजी. तो मिळाला असता तर सगळं वर्ष फुकट होतं आणि मामाही हातचे गेले असते.

कंडक्टरने तिकीट फाडता फाडता फळीकडे पाहिलं. "ह्यात काय हाय?"

"माश्या."

"जित्या?"

"हो."

"कुठं निघाल्यात?"

"म्हसवडला."

त्याने तिकीट माझ्या हातात ठेवलं. "का? म्हसवडात माश्या न्हाईत व्हय?" मागच्या बाकांवर हसू पसरलं ते घाटमाथ्यापर्यंत टिकलं. कोकणात असं कुणी तोंडावर विचारत नाही. तिथे बघून न बघितल्यासारखं करतात आणि तुम्ही उतरल्यावर चर्चा करतात. मला हा वरघाटी मोकळेपणा आवडतो, निदान उत्तर देता येतं.

घाट संपला, झाडी मागे पडली आणि हवेतला दमटपणाही गेला. शेजारच्या बाईंनी पाटण यायच्या आत माझ्या घराची माहिती काढली, माझ्या पगाराचा अंदाज बांधला आणि पिशवीतून तिळाच्या वड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत या मुलखात भेटेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवतात. ज्याला गोड वर्ज्य आहे त्याने या दिवसांत घराबाहेर पडू नये आणि मी नेमक्या याच दिवसांत मामांना घेऊन गावोगाव फिरणार होते.

म्हसवड

मायणी सोडली की हिरवा रंग कमी कमी होत जातो. माणचा तालुका म्हणजे बाभळी, मेंढरं आणि लांबवर दिसणारे उघडे डोंगर. माणगंगेच्या पात्रात वाळूच जास्त होती. आमच्याकडे नदी म्हटलं की पुराची भीती आठवते. इथे लोक नदीकडे बघतात ते पाणी कधी येईल म्हणून.

मामा स्टँडवर उभे होते. उंच, ताठ, मिशा पिळलेल्या, पायात एका अंगठ्यापाशी कापलेली चप्पल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझी बॅग मलाच उचलू दिली आणि फळी मात्र स्वतः घेतली. "थंडी लय हाय," म्हणाले आणि खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी माझ्या माश्यांना गुंडाळली. मी कुडकुडत मागे चालले.

घरी मामीने बाजरीची भाकरी, हुलग्याचं पातळसर माडगं आणि मिरचीचा खर्डा केला होता. खर्ड्याच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मामीने प्रेमाने आणखी वाढला. मामीने साखरेचा डबा ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवला होता आणि किल्ली कमरेला. त्यावर मामांनी तोड काढली होती. ते सकाळ-संध्याकाळ सिद्धनाथाच्या दर्शनाला जात. "देवाचा प्रसाद न्हाई म्हणायचा नसतो," असं म्हणत मिशीवरचा पेढ्याचा कण पुसत परत येत. मामी म्हणाली, "बाय, पन्नास वर्षांत ह्यांनी देवळाची पायरी चढली न्हवती. साखर लागली अन् देव आठवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात फळी मांडून आम्ही परीक्षा घेतली. मामांच्या हातात भिंग दिलं. मी नळी आपटली.

"ही कुठली कंपनी?"

"गोडाची."

एक माशी चढली, अर्ध्यावर थांबली, पाय लटपटले आणि खाली आली. परत चढली, परत आली. बाकीच्यांनी प्रयत्नही केला नाही. मामा भिंग धरून वाकून बघत होते. मी बिनगुळाची नळी आपटली. तीन-चार जणी जराशा रेंगाळल्या, पण बोळ्यापर्यंत पोहोचल्या.

मामांनी भिंग बंडीला पुसून मला परत दिलं. मग सरळ बसून म्हणाले, "पोरी, आमी लहान असताना माणात ऊस कुठला? गोड म्हंजी पाव्हण्याच्या घरी. गूळ-पाण्यातला खडा आई पदराला बांधून आणायची, आमी भावंडं चाटून चाटून खायचो. तुझी आई लहान, तिला पयला मान. फौजेत गेलो अन् पयल्या सकाळी मग्गा भरून च्या मिळाला, व्हट चिकटत्याल असला गोड. तवा वाटलं, आपुन बी कुणीतरी हाय. ती साखर सोड म्हंत्यात ही माणसं."

मी नळी परत फळीत ठेवली. एवढी वर्षं मी त्यांना नुसतं हावरट समजत होते आणि तसं चिडवतही होते. त्या क्षणी ट्रंक फोडून त्यांना मूठभर साखर द्यावी असं मनापासून वाटलं.

"मग, निकाल लागला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. शेवटची मरेपर्यंत नाही."

"ब्येस. फौजेत अर्ध्या रिपोर्टावर कुणी हालत न्हाई." आणि त्यांनी बंडीच्या खिशातून तिळाचा लाडू काढून तोंडात टाकला.

भिलवडीच्या अलीकडे

विट्यावरून पलूसकडे उतरू लागलो तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला. मामा खिडकीशी बसून वास घेत होते. भिलवडीच्या अलीकडे एका गावात त्यांचे फौजेतले दोस्त बाबूभाई राहतात. मामांच्याच पलटणीत ते ट्रक चालवायचे. आता थोडं रान आहे आणि हंगामात गुऱ्हाळ चालतं. त्यांच्या दारात उतरताच दोघे म्हातारे एकमेकांना कडकडून भेटले आणि लगेच एकमेकांच्या तब्येतीवरून शिव्या द्यायला लागले.

आमच्या कोकणात पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारायची पद्धत आहे आणि पाहुण्यानेही 'नको, आत्ताच झाला' म्हणायची पद्धत आहे. इथे कुणी विचारत नाही. बाबूभाईंच्या बायकोने, जैनबभाभींनी, आम्ही चप्पल काढेपर्यंत गुळाचा चहा पुढे आणला होता. मी मामांचा कप उचलून बाजूला ठेवला. भाभींच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की जणू मी त्यांच्या घरात कुणाला चापट मारली होती.

गुऱ्हाळ नदीकडच्या अंगाला होतं. चुलवणात, म्हणजे खालच्या मोठ्या भट्टीत, गडी उसाची वाळलेली चिपाडं ढकलत होते आणि वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता. आधी हिरवट, मग पिवळा, मग तांबूस, मग गडद. बाबूभाई म्हणाले, अजून जरा ठेवला तर करपतोय. मी बघत राहिले. साखर आणि आच एकत्र आली की असं होतं. आपल्या अंगातली आच फार मंद असते, म्हणून तेच व्हायला वर्षं लागतात. साखर प्रथिनांना धरते आणि हळूहळू सगळं तांबूस, कडक होत जातं. मी हे मामांना सांगितलं. त्यांनी काहिलीकडे बघत विचारलं, "म्हंजी मी आता कुठवर आलोय? काकवीवर का गुळावर?" बाबूभाई हसले. मला हसू आलं नाही.

काकवी म्हणजे गूळ घट्ट व्हायच्या आधीचा पाक. बाबूभाईंनी मला ती गरम भाकरीबरोबर वाटीभर दिली आणि मी निर्लज्जासारखी मामांच्या देखत खाल्ली. रसावरून काढलेल्या मळीच्या पिंपापाशी फळमाश्यांचे थवे होते. बाटलीत केळ्याचा तुकडा टाकून मी हव्या तेवढ्या पकडल्या. मी त्या पकडते ते बघायला गावातली माणसं जमली होती ती वेगळीच.

संध्याकाळी जेवताना रस्सा, जोंधळ्याची भाकरी आणि गुळातल्या शेवया होत्या. मामांच्या ताटात शेवया नव्हत्या. भाभींनी फळीकडे बोट केलं. "अन् ह्यांचं जेवान?" मी खुशीत येऊन सगळं सांगितलं. या रांगेला गूळ, या रांगेला जन्मापासून नाही. भाभी ऐकत होत्या. मला वाटलं, त्यांना विषय आवडला.

सकाळी मी अंघोळ करून आले, केस पुसत फळीपाशी गेले आणि तशीच उभी राहिले. बिनगुळाच्या रांगेतल्या प्रत्येक बोळ्यावर तांबूस डाग होता. बोट लावलं तर चिकट. पाक कापसातून झिरपून आतल्या बाजूला आला होता आणि नळीतल्या सगळ्या माश्या वर जमून त्याला तोंड लावून बसल्या होत्या. म्हसवडच्या परीक्षेत ज्या रेंगाळल्या होत्या, त्या तर सगळ्यांत पुढे होत्या.

"भाभी, बोळ्यांना हे काय लागलंय?"

"काकवी," त्या चुलीपुढून म्हणाल्या. "थेंब थेंब. लय न्हाई."

"कुणी लावली?"

"मीच की. काल तुमी सांगितलं तवापासनं जिवाला लागलं माझ्या. माझ्या घरात एका पंगतीला बसायचं, निम्म्यांनी गोड खायाचं अन् निम्म्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघायचं? आमी एका ताटात जेवणारी माणसं, ताई. हवालदारांचं निराळं, त्यांस्नी दुखणं हाय. ह्या मुक्या जिवांनी काय केलंय? तुमी अंघुळीला गेला अन् मी आपली सगळ्यांस्नी सारखी वाढली."

मला इतका राग आला होता की कानात घण वाजत होते. पण त्या बाईंच्या तोंडावर अपराध्याचा भाव नव्हता, केलेल्या कामाचं समाधान होतं. आमच्याकडे लग्नात वाढपी ओळखीच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकतो, तेव्हा म्हातारी माणसं 'पंक्तिप्रपंच करू नका' म्हणून ओरडतात. मी वर्षभर नेमका पंक्तिप्रपंच करत होते आणि त्याला शास्त्र म्हणत होते. भाभींनी तो एका वाटीभर काकवीत मिटवून टाकला. मी म्हटलं, "बरं केलंत," आणि ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं. आणि खरं सांगायचं तर, जन्मात पहिल्यांदा गोड चाखणाऱ्या त्या म्हाताऱ्या माश्या बघून कुठेतरी बरंही वाटत होतं. त्याचाच जास्त राग येत होता.

मामा दात घासून आले. नवे बोळे माझ्या पिशवीत होते. ते लावले असते तर कुणालाही कळलं नसतं, धुकं पडलेल्या डोळ्यांना तर नाहीच. चार दिवसांनी 'निकाल लागला' म्हणून सांगितलं असतं, मामांनी आण पाळली असती, आईला आनंद झाला असता. पण मामांना मी ओळखते. खोट्यावर सोडलेली साखर आणि पुढे कधी ते खोटं उघडं पडलं, तर हा माणूस रागाने पोत्यात तोंड घालून बसेल. शिवाय त्यांनी विश्वास माझ्यावर टाकला नव्हता, माश्यांवर टाकला होता. माश्यांच्या वतीने खोटं बोलणं मला जमेना.

"मामा, प्रयोग बाद झाला." मी सगळं सांगितलं.

त्यांनी भिंग मागितलं, नळीत बघितलं. "रिपोर्ट बाद?"

"बाद."

"म्हंजी माझी आण बी बाद."

मी मान हलवली. ते "हं" म्हणाले आणि भाभींनी पुढे केलेला बिनसाखरेचा चहा त्यांनी परत केला. गोडाचाही मागितला नाही. निघताना बाबूभाईंनी आपल्या गुऱ्हाळाची गुळाची एक छोटी ढेप फडक्यात बांधून मामांच्या हातात दिली. मामांनी ती काखेत धरली आणि एसटीत बसल्यावर मांडीवर घेतली. माझ्या मांडीवर बाद झालेली फळी, त्यांच्या मांडीवर ढेप, असे आम्ही सांगलीला निघालो.

सांगली, मिरज

सांगलीत शिरताना हळदीचा वास येतो, असं मी ऐकलं होतं. मला फक्त गुळाचा येत होता. मी मामांसाठी भडंग घेतलं, तिखट आणि लसणाचं, कारण त्यात एक दाणा साखर नाही असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं. मामांनी मूठभर खाल्लं आणि चांगलं आहे म्हणाले. गणपतीच्या देवळात गेलो. ते बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते. मी पाहतेय हे कळल्यावर म्हणाले, "गर्दी हुती. प्रसाद घ्याचा राहिला." देवळात त्या वेळी आम्ही आणि दोन कबुतरं, एवढेच होतो.

मिरजेला दवाखान्यांचा सुकाळ. रिक्षावाला 'कुठं' विचारत नाही, 'कुठला दवाखाना' विचारतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मामांच्या डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं आणि मोतीबिंदू पिकत आलाय म्हणाल्या. आधी साखर खाली आणा, अंगठा भरू द्या, मग काढू, नाहीतर जखम चिघळायची भीती. मामांनी विचारलं, "हे धुकं असतंय कशाचं?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मी सांगितलं. माझा विषयच होता. डोळ्यातल्या भिंगात प्रथिनंच असतात, काचेसारखी स्वच्छ. कच्च्या अंड्याचं पांढरं कसं आरपार दिसतं? शिजलं की दिसत नाही. तसंच. वयाने होतंच, साखरेने लवकर होतं.

"म्हंजी माश्यांच्या डोस्क्यात गोळं अन् माझ्या डोळ्यात."

"हो."

बाहेर पडलो. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतून स्टँडकडे जाताना मामा एका दुकानाशी थांबले. आत एकजण तंबोऱ्याच्या तारा जुळवत होता. दुकानभर भोपळे टांगलेले होते. मामा उंबऱ्याशी उभे राहून ऐकत होते, आवाज जुळत जुळत एक झाला तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग हळूच मला विचारलं, "तारा किती हायत गं?"

दुकानदार आमच्यापासून हातभर अंतरावर होता. तंबोरा उन्हात होता, तारा चमकत होत्या.

"चार," मी म्हटलं.

मिरजेचा स्टँड

त्यांची एसटी विट्याकडची, माझी कराडकडची. माझी आधी लागली. बाकावर बसून मी शेंगा सोलत होते आणि मामा ढेपेवरच्या फडक्याची गाठ सोडत आणि बांधत होते.

"आता तू काय करणार?" त्यांनी विचारलं.

"परत लावणार. पहिल्यापासून. अंडी, अळ्या, सगळं."

"लय दिस लागत्याल?"

"लागतील. म्हाताऱ्या व्हायला वेळ द्यावा लागतो."

त्यांनी गाठ पुन्हा सोडली. "जैनबभाभीचं एक बराबर हाय. पंगतीत कुणाला त्याला न इचारता निराळं वाढू नये. माश्यांस्नी तू इचारलं न्हवतंस. मला तर इचारत्यात. मला सांगता तरी येतं." गाठ पक्की बांधून त्यांनी ढेप माझ्या फळीवर ठेवली. "ही तुझ्या गोडाच्या कंपनीला राशन. अन् नवा डाव लावशील तवा मला बिनगुळाच्या नळीत धर."

"मामा, आण बाद झालीय. मी तुम्हाला बांधून ठेवलेलं नाही."

"मला ठावं हाय. म्हणून तर सांगतोय." एसटीची घंटा वाजली, कंडक्टर ओरडायला लागला. मी फळी, ढेप आणि बॅग सांभाळत चढले. मामा खिडकीखाली आले. "पर बोळा घट्ट बसव, पोरी. काकवी घिऊन कुणीतरी येतंयच."

मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला. एसटी हलल्यावर सोडला. कराड येईपर्यंत मी पुढच्या बाकाकडे बघत होते आणि शेजारच्या माणसाने माझी विचारपूस केली नाही. या मुलखात हे क्वचितच घडतं.

आता चिपळूणच्या प्रयोगशाळेत ती ढेप कपाटात आहे. गोडाच्या शिऱ्यासाठी मी तिच्यातून किसून घेते. बाबूभाईंच्या गुऱ्हाळावरच्या माश्याही वाढल्या आहेत, साखर त्यांनाही फारशी सोसत नाही असं दिसतंय, पण त्यावर मी इतक्यात काही बोलणार नाही. मामांचा अंगठा भरला. होळीनंतर मिरजेला एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आता दुसऱ्याची पाळी आहे. मामीने ट्रंकेचं कुलूप काढलं आणि मामांचं देवळात जाणं पुन्हा बंद झालं, त्याचं मात्र तिला वाईट वाटतं.

नव्या प्रयोगातली बिनगुळाच्या नळीतली शेवटची माशी मध्यंतरी मेली. उत्तर स्पष्ट होतं, गोडाच्या सगळ्या तिच्या कितीतरी आधी संपल्या होत्या. मी ते वहीत लिहिलं आणि त्याच दिवशी पुढची पिढी लावली, कारण एका खेपेवर शास्त्र विश्वास ठेवत नाही. मीही ठेवत नाही. मामा रविवारी एसटीडी बूथवरून फोन करतात आणि आधी पलटणीची चौकशी करतात. "संपला का गं प्रयोग?"

"चालू आहे अजून."

"चालू दे. घाई न्हाई."

गेल्या रविवारी फोनवर मागे जिलबीवाल्याचा भोंगा वाजत होता, बाजार भरलेला असणार. मी विचारलं, "बोळा घट्ट आहे ना, मामा?"

"हाय," म्हणाले. "पर वरनं वास लय येतोय."